रिपोर्ट पटत नाही म्हणजे दुःख पचलं नाही असं असतं का?

"मॅडम, बाबा रोज रात्री तो अपघाताचा रिपोर्टच घेऊन बसतात, सही-शिक्का झाला तरी मानायला तयार नाहीत, त्यांना यातून बाहेर कसं काढू?" धाकट्या मुलीचा हा फोन. थोरली विमान अपघातात गेलेली, फायनल रिपोर्ट येऊन चार महिने झालेले. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.)

काका माझ्याकडे समुपदेशनाला आले ते जाडजूड फाइल छातीशी धरून, मागे काकू, अगदी गप्प. आणि मी पहिल्याच दिवशी चुकले. म्हटलं, काका, फाइल जरा बाजूला ठेवून आपण ताईबद्दल बोलूया का? ते म्हणाले, "तुम्ही पण त्यांच्यासारखंच बोलायला लागलात, झालं ते झालं, पुढे बघा." बरोबरच होतं त्यांचं, कारण त्या फाइलमध्येच ताई होती आणि मी तीच बाजूला ठेवा म्हणत होते.

पुढच्या वेळी मीच म्हटलं, उघडा फाइल. पहिल्याच पानावर एका वाक्याखाली लाल पेनाने कागद फाटेस्तोवर रेघा मारलेल्या, या तपासाचा उद्देश कोणालाही दोषी ठरवणं हा नाही. "मग माझी पोरगी गेली कशी, आपोआप?" काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. आता हे वाक्य काही त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिलेलं नव्हतं, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचे जे नियम आहेत त्यातल्या परिशिष्ट 13 मध्ये तपासाचा हेतूच असा ठरवलाय की पुढचा अपघात टळावा, दोष आणि जबाबदारी वाटणं हे काम कोर्टाचं किंवा दुसऱ्या यंत्रणेचं. पण हे घरच्यांना नीट कोणी समजावतच नाही हो, आणि पहिल्याच पानावर ते वाचून माणसाला वाटतं की सगळे मिळून झाकतायत.

मग मी त्यांना विचारलं की शंका घेतल्याने आजवर काही निष्पन्न झालंय का, आणि आम्ही दोघांनी जुनी उदाहरणं वाचली. 1979 साली न्यूझीलंडचं विमान अंटार्क्टिकात माउंट एरेबसवर आदळलं, 257 माणसं गेली, अधिकृत रिपोर्टने वैमानिकांवर ठपका ठेवला, पण 1981 च्या चौकशी आयोगाने दाखवलं की कंप्युटरमधला मार्ग बदलला होता आणि ते क्रूला सांगितलंच नव्हतं. दुसरं 1989 चं, अमेरिकेच्या युनायटेड कंपनीची फ्लाइट 811, पॅसिफिकवर उडताना कार्गोचा दरवाजा उघडून 9 प्रवासी बाहेर फेकले गेले. त्यातल्या एका मुलाच्या आईवडिलांनी कागद मिळवून स्वतःच शोध घेतला, पुढे दरवाजा समुद्राच्या तळातून काढला आणि 1992 च्या सुधारित रिपोर्टमध्ये दोष दरवाजाच्या इलेक्ट्रिकल यंत्रणेचा निघाला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग धाकटीकडे बघून म्हणाले, "म्हणजे मी वेडा नाही." ती रडायलाच लागली.

पण म्हणून काकांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही, आणि हे मला त्यांना सांगावं लागलं. 43 प्रश्न होते त्यांचे. काही खरंच धारदार, उदाहरणार्थ एका दुरुस्तीची नोंद दोन ठिकाणी दोन तारखांची कशी. नवा आणि महत्त्वाचा पुरावा आला तर तपास पुन्हा उघडावा लागतो असं त्याच परिशिष्टात आहे, म्हणून हे प्रश्न वेगळ्या पत्रात काढले, आरोप न करता, पान नंबर टाकून. काही प्रश्न वकिलाचे होते. (जाता जाता, मॉन्ट्रियल करार, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा करार, लागू असेल तर भरपाईचा दावा 2 वर्षांतच लावावा लागतो, दुःखात ही तारीख निघून जाते, घरातल्या एकाने तरी ती लिहून ठेवा.) आणि काही प्रश्नांना जगात कुठलाच अधिकारी उत्तर देऊ शकत नाही, तीच फ्लाइट का, तीच सीट का. ते काकांनी माझ्यासमोर वाचले, मी फक्त ऐकलं.

रात्री किती वेळ फाइल, हेही ठरवलं. एक तास, तोही जेवणाआधी. पहिले दोन आठवडे पाळलं नाही, मग जमायला लागलं.

काकू मात्र अजून गप्पच होत्या. मला वाटायचं त्यांना या कागदांचा रागच असेल. एकदा काका रिपोर्टमधला मृत आणि जखमींचा तक्ता दाखवत होते, क्रू, प्रवासी, इतर, प्रत्येकापुढे नुसते आकडे, नाव कुणाचंच नाही, आणि म्हणत होते की बघा, आमची मुलगी या रकान्यात आहे. काकूंनी त्यांच्या हातातून पत्राचा मसुदा घेतला, माझं पेन मागितलं आणि अगदी खाली लिहिलं, "शेवटच्या मिनिटांत आतले दिवे चालू होते का? ती अंधाराला घाबरायची."

काकांना हा प्रश्न इतक्या महिन्यांत सुचला नव्हता. पत्र त्यांनी तसंच पाठवलं, टाइप न करता.