मागच्या सीटवर कोण बसणार?

*एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले आमचे मेस्त्रीकाका या सदरात वाचकांच्या गाड्यांची दुखणी ऐकून घेतात.*

प्रश्न : काका, नमस्कार. मी चिपळूणला प्राथमिक शाळेत शिकवते. घरात आम्ही सहा जण : मी, मिस्टर, सासू-सासरे, अकरा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. २०१९ मध्ये सात आसनी डिझेल गाडी सेकंडहँड घेतली, २०१६ ची. पुढे कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. दीड वर्ष गाडी बरी चालली, मग सुरू झालं. दोनदा क्लचप्लेट, मागचा एसी कायमचा गेला आणि तीन वर्षांत चार वेळा गरम होऊन रस्त्यात उभी राहिली. शेवटची वेळ कुंभार्ली घाटात, सासऱ्यांना कराडला डॉक्टरांकडे नेताना. भर पावसात सव्वादोन तास. नंतर एक सेन्सर यायला सव्वीस दिवस लागले. आता विकायचीच. सगळं धरून बजेट बारा लाख. दीर म्हणतात जुनी इनोव्हा घ्या, मिस्टर म्हणतात सीएनजी अर्टिगा, मुलाला उंच एसयूव्ही हवी. गुहागर तालुक्यातल्या गावच्या घरासमोर जांभ्याची मोठी चढण आहे, तीही धरा. मला कोणी विचारलेलं नाही, पण रोज शाळेत गाडी मीच नेते, येऊन-जाऊन बारा किलोमीटर.
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, तुमचं पत्र आल्यावर मी तुमच्याकडून दोन गोष्टी मागवल्या : गॅरेजची जुनी बिलं आणि गेल्या वर्षभरात गाडीत सहा जण बसले ते दिवस. तुम्ही दोन्ही पाठवलंत, शाळेच्या हजेरीपटासारखं नीट आखून. निम्मं काम तिथेच झालं.

आधी बिलं. २०२१ च्या एका बिलात तळाला साडेतीनशे रुपयांची ओळ आहे, 'थर्मोस्टॅट काढला'. त्याच्याच वर 'कूलंट'ऐवजी (इंजिन थंड ठेवायचं खास द्रव) 'पाणी भरले'. ताई, तुमच्या घाटातल्या सव्वादोन तासांची सुरुवात मला तरी इथे दिसते. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा. इंजिन थंड असताना बंद, पाणी ऐंशी-नव्वद अंशांना तापलं की उघडतो. तो अडकला की नवा बसवायचा असतो. आपल्याकडे काढून फेकतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, 'आता गाडी कधी तापणारच नाही.' सपाटीला खरंच तापत नाही. उलट सहा किलोमीटरच्या शाळेपर्यंत इंजिन पुरतं गरमच होत नाही, डिझेल अर्धवट जळतं, आत काजळी धरते. आणि घाटात, भरल्या गाडीला, काही इंजिनांमध्ये तापलेल्या पाण्यातलं निम्मं रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरत राहतं. वर साध्या पाण्याचा गंज. मी चिपळूण आगारात तीन वर्षं काढली आहेत. घाटाच्या पायथ्याची पोफळी मागे टाकून चढ लागला की गाडीचं सगळं खोटं बाहेर येतं, बसचंही आणि तुमच्या गाडीचंही.

हे सांगतोय ते गाडीची वकिली करायला नाही. मागचा एसी आणि सेन्सरचे सव्वीस दिवस हा गाडीचाच दोष. क्लचप्लेट एक गाडीची, एक तुमची. राग मानू नका. शाळेच्या फाटकापाशी चढावर मुलं उतरेपर्यंत गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, हँडब्रेक ओढा. नाहीतर नव्या गाडीचं पहिलं बिल त्याचंच येईल. आणि नवी गाडी त्याच गॅरेजात नेणार असाल, तर मेस्त्री काय काढतो ते उभं राहून बघा.

आता दिवस. वर्षातले एकोणतीस दिवस गाडीत सहा जण होते. बाकी तीनशे छत्तीस दिवस दोघं, तिघं, फार तर चौघं. तुमचा आकडा वाचून माझ्या मुलाने लगेच सांगितलं, 'बाबा, त्यांना पाच आसनी छोटी गाडी घ्यायला सांगा, एकोणतीस दिवस भाड्याची.' हिशेबाला पोरगा बरोबर आहे. पण त्या एकोणतीसपैकी नऊ दिवस गणपतीतले, आठ मे महिन्यातले, तीन पंढरपूरचे. गणपतीत चिपळूणला भाड्याची गाडी मिळवून दाखवा म्हणावं. आम्ही आगारात त्या आठवड्यात रजा मागायचीसुद्धा हिंमत करत नव्हतो. तेव्हा गाडी सात आसनीच हवी. फक्त तिसऱ्या रांगेत कोण बसणार ते आज ठरवून टाका. सासूबाईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही कळवलंत, म्हणजे त्या नाहीत. सासरे नाहीत. मिस्टरांची उंची बघता तेही नाहीत. मागे दोन मुलं बसणार. म्हणजे मधल्या रांगेतून मागे जायला मुलाला स्वतःला सीट सरकवता यायला हवी, आणि त्या मागच्या सीटवर पाच वर्षांच्या मुलीचा पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर यायला हवा. त्यासाठी खाली बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी छोटी सीट, लागेल, तो आत्ताच घेऊन शोरूमला जा.

दिरांची इनोव्हा. चूक काहीच नाही. २००५ पासून महाराष्ट्राने ती गाडी घासून-पुसून पाहिली आहे. तिची पुढची आवृत्ती क्रिस्टा तर मजबूत चासीची, मागच्या चाकांवर ओढणारी. जांभ्याच्या ओल्या चढणीवर भरली गाडी असेल तर मागची चाकं जमीन धरतात, तिथे ती अर्टिगापेक्षा उजवी. पण बारा लाखांत तुम्हाला जी मिळेल तिने बहुधा आधीच भरपूर किलोमीटर मोजलेले असतील, आणि मीटरवर दिसतात त्याहून जास्त. त्यात सासूबाईंना पाऊल उचलून चढावं लागेल. त्यात डिझेल. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातल्या) डिझेलला धुराड्यात काजळीची जाळी असते, ती साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेवर लांब पळवावी लागते. रोज सहा-सहा किलोमीटरला ती जाळी तुंबते, दिवा लागतो आणि तुम्ही पुन्हा बिलं जमवायला लागता. म्हणून डिझेल तुमच्यासाठी नाही, कोणत्याही कंपनीचं.

सेकंडहँड बघणारच असाल तर एक गोष्ट चिपळूणकरांना मी सांगायला नको, तरी सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात उभ्या राहिल्या असणार, आणि दूरच्या शहरात जाऊन परत आल्या तरी कागदावर ते दिसत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसते. मॅट उचलून सीटच्या बोल्टवर नख फिरवा. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. विकणारा अत्तर मारून ठेवतो, तिकडे लक्ष देऊ नका.

मिस्टरांची सीएनजी अर्टिगा. खर्चाला ते बरोबर आहेत, पण सीएनजीची टाकी बसते कुठे ते त्यांना डिकी उघडून दाखवा. पेट्रोल अर्टिगात तिसरी रांग उभी असताना मागे साधारण २०९ लिटर जागा उरते, दोन बॅगा आणि मखराचं सामान. सीएनजीत तिथे सिलिंडर झोपलेलं असतं. म्हणजे ज्या एकोणतीस दिवसांसाठी सात सीट घेतल्या, त्याच दिवशी सामान टपावर आणि वरून पाऊस. शिवाय तेच दीड लिटरचं इंजिन पेट्रोलवर शंभराच्या वर अश्वशक्ती देतं, सीएनजीवर अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. घाटात तुम्ही बटण दाबून पेट्रोलवर याल, सगळे येतात. दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी आहे ती वेगळी. रोजचं पन्नास-साठ किलोमीटर असतं तर मी स्वतः सीएनजी घ्या म्हटलं असतं. तुमचं बारा आहे.

मुलाची एसयूव्ही : तो अठराचा झाला की स्वतःच्या पैशाने घेईल.

मग उरल्या तीन. रेनॉची ट्रायबर स्वस्त पडते, कारण चार मीटरच्या आत आहे आणि इंजिन ९९९ सीसीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, मोठ्यांवर ४० टक्के. मागच्या दोन्ही सीट सुट्या निघतात, शाळेच्या दिवसांत काढून घरी ठेवता येतात, ही मला फार आवडलेली गोष्ट. पण सहा माणसं घेऊन कुंभार्ली चढताना एक लिटरच्या इंजिनाचा जीव कासावीस होतो. किआची कॅरेन्स बसायला सगळ्यात ऐसपैस, सहा एअरबॅगा २०२२ मध्ये गाडी आली तेव्हापासून. तुमच्या बजेटात तिचं तळाचं व्हेरियंट बसलं तर बसलं. आणि अर्टिगा पेट्रोल.

माझं मत अर्टिगा पेट्रोल, गिअरची, आणि नवीच. नवी का, तर गाड्या आपटून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या अर्टिगाची चाचणी घेतली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेत तिला एकच तारा मिळाला होता. ती दोन एअरबॅगांची होती. २०२५ पासून आपल्याकडे सगळ्या व्हेरियंटना सहा आल्या. एअरबॅग वाढल्याने पत्र्याखालचा सांगाडा बदलत नाही, हे मी लपवणार नाही. ताऱ्यांचं मोल तुम्हाला सगळ्यात जास्त वाटत असेल तर कॅरेन्सच्या तळाच्या व्हेरियंटची चौकशी आधी करा, आणि कोणत्याही गाडीची भारत एनकॅपची, म्हणजे आपल्याकडच्या तशाच तपासणीची, ताजी चाचणी शोरूममध्ये मागून बघा. मी तरीही अर्टिगाकडे झुकतो ते त्या सव्वीस दिवसांमुळे. शोरूमला जायच्या आधी चिपळूणच्या स्पेअरपार्टच्या दुकानात जा. क्लचप्लेट, वॉटर पंप, पुढचे ब्रेक पॅड, रेडिएटरचा फॅन, एवढी चार नावं सांगा आणि विचारा, 'यातलं आज फळीवर काय आहे?' प्रत्येक गाडीसाठी विचारा. दुकानदार वर न बघता हात मागे घालून डबा काढतो ती गाडी घ्यायची. 'मागवून देतो, ताई' म्हणाला की वहीत फुली. एसटीत आम्ही असंच करायचो. दापोडीच्या कार्यशाळेत गाडी किती ताकदीची यापेक्षा तिचं बुशिंग आज भांडारात आहे का, यावर उद्याची फेरी सुटायची.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन तुम्हाला बहादूरशेख नाक्यापर्यंत नेऊन आणेल. तेवढ्यावर ऐकू नका. सहाही जणांना बसवा, एसी पूर्ण लावा आणि पोफळीच्या पुढे घाटात चार-सहा वळणं घ्या. सासूबाईंना नेहमीच्या साडीत तीनदा चढायला-उतरायला सांगा. पहिल्यांदा सगळेच हसत चढतात. गाडी तुम्ही चालवा, मिस्टर मागे बसू देत.

जांभ्याची चढण राहिली. अर्टिगा पुढच्या चाकांवर ओढते. भरली गाडी चढाला लागली की भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होऊन ओल्या जांभ्यावर नुसती फिरतात. अशा वेळी चढणीच्या पायथ्याशी सगळ्यांना उतरवा, गाडी वळवा आणि रिव्हर्सने चढवा. वरच्या अंगाला मागचा भाग, म्हणजे भार इंजिनाकडे, ओढणाऱ्या चाकांवर. गावातली पोरं हसतील, पण गाडी चढेल.

जुनी गाडी विकताना घेणाऱ्याला थर्मोस्टॅटचं खरं सांगा. कर्ज होतं म्हणता, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा, मग मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. आरसी नव्या माणसाच्या नावावर झाल्याशिवाय प्रकरण संपलं असं समजू नका. विम्याचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो. तो नव्या पॉलिसीत घ्या, शोरूमवाला आपणहून आठवण करणार नाही.

प्रश्न : आमची सात आसनी पेट्रोल गाडी तेरा वर्षांची झाली. त्रास काहीच नाही. सगळे म्हणतात आता बदला. बदलू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नका बदलू. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपत आली की आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षं वाढवून मिळते, त्याची तयारी दोन महिने आधी करा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि तुमच्या गाडीचे रबरी फ्युएल पाइप अशा पेट्रोलसाठी केलेले नसावेत, ते एकदा बदलून घ्या. बाकी त्या 'सगळ्यांना' विचारा, हप्ते कोण भरणार.