समान अंतरावरचे बिंदू: तिन्ही उत्तरे बरोबर आहेत

तुम्ही विचारले आहे की अ(२, १, ४) आणि ब(४, −३, ०) यांच्यापासून समान अंतरावरचा बिंदू शोधताना क्ष-अक्षावर (१, ०, ०) मिळतो, य-अक्षावर (०, −१/२, ०) मिळतो, शिवाय अबचा मध्यबिंदू (३, −१, २) आहेच. मग खरे उत्तर कोणते? तिन्ही खरी आहेत, आणि अशी अगणित आहेत.

असा कोणताही बिंदू प(क्ष, य, झ) धरा. पअ = पब लिहिल्यावर वर्गमुळे वागवत बसू नका, लगेच दोन्ही बाजूंचा वर्ग करा:

(क्ष − २)² + (य − १)² + (झ − ४)² = (क्ष − ४)² + (य + ३)² + झ²

कंस सोडवा. क्ष², य², झ² दोन्हीकडे सारखेच असल्याने उडून जातात आणि उरते ४क्ष − ८य − ८झ = ४, म्हणजे

क्ष − २य − २झ = १

सगळी गंमत या वर्ग उडण्यात आहे. समीकरण एकघाती उरले, म्हणून बिंदुपथ (अशा सगळ्या बिंदूंचा संच) प्रतल, म्हणजे सपाट पृष्ठ, झाला. हेच पअ = २पब असते तर वर्ग शिल्लक राहिले असते आणि गोल मिळाला असता. तुमचे तिन्ही बिंदू या समीकरणात घालून पाहा, तिन्ही बसतात.

आता सहगुणक पाहा: १, −२, −२. अ पासून ब कडे जाताना निर्देशकांत पडणारा फरक २, −४, −४. गुणोत्तर तेच. म्हणजे हे प्रतल अबला लंब आहे आणि मध्यबिंदू म मधून जाते. कागदावर जो लंबदुभाजक काढतो, तोच अबभोवती फिरवला की हे प्रतल तयार होते. त्यावरचा म सोडून कोणताही प घ्या: मअ = मब, म पाशी दोन्ही काटकोन, पम सामाईक. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने त्रिकोण पमअ आणि पमब एकरूप, म्हणून पअ = पब. नववीतलीच सिद्धता अवकाशात जशीच्या तशी चालते, हे मला फार आवडते.

परीक्षेत मात्र 'अमुक अक्षावरचा बिंदू काढा' म्हटले की एकच बिंदू मिळेल असे गृहीत धरू नका. (१, २, ३) आणि (१, ५, ०) घ्या. पहिले निर्देशक सारखे असल्याने क्ष चे पद उडते, समीकरण य − झ = २ होते, आणि क्ष-अक्षावर य = झ = ० घातले की ० = २. असा बिंदूच नाही. उलट (१, २, ३) आणि (३, २, −१) यांचे समीकरण क्ष − २झ = ०. इथे य-अक्षावरचा बिंदू विचारला तर अख्खा अक्षच प्रतलात आहे. तेव्हा 'य-अक्षावरचा प्रत्येक बिंदू' असेच उत्तर लिहा.