'बालकांसारखे व्हा' म्हणजे प्रश्न विचारू नका, असं येशूला म्हणायचं होतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. येशूने लहान मुलांना एवढं महत्त्व का दिलं, आणि 'बालकांसारखे झाल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही' याचा अर्थ ख्रिस्ती माणसाने डोकं बाजूला ठेवून विश्वास ठेवायचा असा होतो का? वर, तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा याचसाठी देतात का, असंही जोडलंय.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नाही. लहान मूल प्रश्न न विचारता विश्वास ठेवतं, असं ज्याला वाटतं त्याने एक रविवार आमच्या शब्बाथशाळेत (चर्चमधल्या मुलांच्या बायबलच्या वर्गात) येऊन बसावं. तिसरीतलं पोर 'देवाला कोणी बनवलं' इथून सुरू होतं आणि 'नोहाच्या तारवात वाळवी होती का' इथवर येतं. (होती, तर तारू बुडालं कसं नाही? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.) येशूचं चरित्र सांगणारी बायबलातली चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं. त्यातल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांच्या मधोमध बसलाय, त्यांचं ऐकतोय आणि त्यांना प्रश्न विचारतोय. तिकडे आईबाप त्याला शोधून शोधून हैराण झालेत. त्याच्या वाढत्या वयातला एवढा एकच प्रसंग शुभवर्तमानांत आलाय, आणि त्यात तो प्रश्नच विचारतोय. आणखी काय पुरावा हवा?

खरं तर इथेच थांबता आलं असतं. पण 'बालकासारखा विश्वास' हे शब्द कानावर पडले की माझं डोकं फिरतं. का, ते सांगते.

आम्ही नगरचे. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं.) सासरे एसटीतून निवृत्त झालेले, घरात सगळे त्यांना पप्पा म्हणायचे. नातू म्हणजे त्यांचा जीव. संध्याकाळी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन दोघं गात बसायचे, आणि सूर दोघांचाही धड नसायचा. पप्पांना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही फार पसरल्यावर. पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या मोठ्या भाऊजींना ते पटलं नाही. ते मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंच (कारभार बघणारे वडील), बायबलचा अभ्यास दांडगा. त्यांनी बाहेरगावचा एक प्रार्थनागट घरी बोलावला.

मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेर त्या गटाच्या प्रमुखाने माझ्या मुलाला पुढे ओढलं, त्याचा हात आजोबांच्या कपाळावर ठेवला आणि सांगितलं, निष्पाप लेकराची प्रार्थना देव परत पाठवत नाही, तू उपास धर, आजोबा उठून बसतील. हे मला नंतर कळलं. कळलं कसं, तर शाळेतून बाईंचा फोन आला की तुमचा मुलगा रोज डबा बाकावरच्या पोरांना वाटतो, स्वतः खात नाही. घरी विचारलं तर गप्प. शेवटी म्हणाला, "सांगितलं तर उपास मोडतो." मत्तयाचा सहावा अध्याय, उपास गुप्तपणे करा. तेवढं मात्र त्याला नीट शिकवून गेले होते.

पप्पा पावसाळ्यात गेले. सांत्वनाच्या प्रार्थनेला तोच माणूस आला आणि भरल्या हॉलमध्ये बोलला की देवाकडून काही उणं पडत नाही, कुठेतरी आपलाच विश्वास कमी पडतो. त्याचा रोख मुलावर नसेलही. पण मुलगा तिथेच बसला होता. रात्री भांडी आवरताना माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी एकदा चिवडा खाल्ला होता."

मित्राच्या डब्यातला चिमूटभर चिवडा. त्याच्या हिशेबात आजोबा त्या चिवड्याने गेले होते.

मी दुसऱ्या दिवशी भाऊजींना सांगितलं, तो माणूस या घराची पायरी चढणार नाही. ते म्हणाले, वहिनी, तुम्ही शब्बाथशाळेत शिकवता आणि मुलांच्या विश्वासाला घाबरता? प्रभूनेच म्हटलंय, बालकांसारखे व्हा. तेव्हा घरात पाहुणे होते, मी बोलले नाही. आता बोलते.

भाऊजी, शुभवर्तमानांत आजारी मुलं कुठे कुठे येतात ते बघा. याईराची बारा वर्षांची मुलगी: 'भिऊ नकोस, विश्वास मात्र धर' हे येशू बापाला सांगतो. कनानी बाईची मुलगी: विश्वास मोठा ठरतो तो आईचा. कफर्णहूमच्या अंमलदाराचा मुलगा: शब्दावर भरवसा ठेवून घरी परत निघतो तो बाप. फेपरं येणारा मुलगा, मार्क नऊ: त्याच्या बापाकडे तर धड पुरता विश्वासही नाही, तो रडत म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, आणि तेवढ्यावर मुलगा बरा होतो. नाईनच्या विधवेचा पोर तिरडीवरून उठतो, तिथे तर विश्वासाची चौकशीच नाही. एकाही ठिकाणी येशू मुलाला विचारत नाही की तुझा विश्वास किती आहे. 'बालकांसारखे व्हा' हे तो मोठ्यांना सांगतो, आणि तेही कधी, तर आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांचं डोकं चाललेलं असताना. ते ओझं उचलून तुम्ही खुद्द बालकाच्याच डोक्यावर दिलंत. त्याच अध्यायात तीन वचनं पुढे काय लिहिलंय? या लहानातल्या एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला खोल समुद्रात बुडवलेलं बरं.

आता प्रश्नकर्त्यांकडे वळते. महत्त्व का, हे कळायला त्या काळात मुलाची किंमत काय होती ते माहीत हवं. इजिप्तमध्ये सापडलेलं, इ. स. पू. १ मधलं एक पत्र आहे. कामासाठी दूर गेलेला नवरा गरोदर बायकोला लिहितो: मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. पत्रातला बाकी मजकूर प्रेमळ आहे, काळजी करू नकोस वगैरे. बाळ टाकणं ही तेव्हा रोजच्या व्यवहारातली गोष्ट होती. यहुदी ते करत नसत, ख्रिस्ती लोकांनी तेच पुढे चालवलं, आणि रोमन कायद्यात बालहत्या देहदंडाचा गुन्हा ठरायला इ. स. ३७४ उजाडलं. अशा जगात येशू एक मूल उचलून मधोमध उभं करतो. शिष्य मुलांना आणणाऱ्यांना दटावतात तेव्हा मार्क लिहितो की येशूला राग आला. मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगताना राग गाळतात, मार्क गाळत नाही. म्हणून मला मार्क आवडतो.

त्याचा दहावा अध्याय सलग वाचा. मुलांना कवेत घेतल्यावर लगेच पुढच्या वचनात एक श्रीमंत माणूस धावत येतो. सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळल्यात म्हणतो, आणि शेवटी खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी असते. मुलांच्या हातात दाखवायला काहीच नव्हतं, उपास नाही, आज्ञापालन नाही, दानधर्म नाही. ती नुसती आली. मला विचाराल तर बालकासारखा विश्वास म्हणजे हा रिकामा हात.

आणि रुसायचा, जाब विचारायचा हक्कही. हे मी मुलाकडूनच शिकले. पप्पा गेल्यावर घरच्या उपासनेत तो तोंड मिटून बसायचा. मग शब्बाथशाळेत शमुवेलाचा धडा निघाला, रात्री देवाची हाक येते आणि तो लहानगा म्हणतो, 'बोल, तुझा दास ऐकत आहे.' माझा मुलगा उठून म्हणाला, "मी पण ऐकत होतो. माझ्याशी कोणी बोललं नाही." वर्ग घेणारी नवी मुलगी गडबडली, असं बोलू नये म्हणाली. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी त्याला व्हरांड्यात शेजारी बसवून तेरावं स्तोत्र वाचून दाखवलं, ज्याची सुरुवातच देवाला जाब विचारण्याने होते: किती काळ मला विसरणार? बाकी उपदेश काही नाही. त्या रात्री आमच्या घरी प्रार्थना झाली ती अशी: "देवा, मी तुझ्यावर रागावलोय. आमेन." भाऊजी समोर होते, त्यांनी डोळे वटारले. मी मोठ्याने आमेन म्हटलं.

मराठी माणसाला यात नवल का वाटावं? नैवेद्य खाल्ला नाहीस तर डोकं फोडून घेईन, असं विठ्ठलाला धमकावणारा छोटा नामदेव आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड टिळक म्हणत. ख्रिस्ताला माउली म्हणत अभंग लिहिणारे टिळक 'फुलांमुलांचे कवी' म्हणूनही ओळखले जातात, आणि मला ते दोन टिळक वेगळे वाटत नाहीत. ज्या आईवर पोर कधी रुसत नाही, तिथे काहीतरी बिनसलेलं असतं.

बाप्तिस्म्याचं राहिलं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला देतात, मोठेपणी दृढीकरण (आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झालं की मग प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस. वसईच्या कॅथलिक मुलांना पहिला ख्रिस्तप्रसाद (तेच प्रभुभोजन) खूप लवकर मिळतो. दहाव्या पायस पोपनी १९१० मध्ये ते वय सातच्या आसपास आणलं, त्याआधी पोरं बारा-चौदाची होईपर्यंत ताटकळत. बॅप्टिस्ट मंडळी बाळाला बाप्तिस्मा देतच नाहीत, आधी स्वतः विश्वास कबूल कर म्हणतात. तिघंही मार्क दहा दाखवतात. हा वाद इथे मिटायचा नाही.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करू नये असं माझं म्हणणं नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर खाली प्रतिक्रियांत तेच येईल. आम्हीही करतो, पप्पांसाठी शेवटच्या रात्रीपर्यंत केली, मुलगाही हवं तर करतो. सगळे प्रार्थनागट असे नसतात, काहींनी त्या दिवसांत आमच्याकडे जेवणाचे डबे पोचवले. आणि भाऊजी वाईट माणूस नाहीत. बाप जातोय हे त्यांना सोसवत नव्हतं, एवढं मला कळतं.

पण भाऊजी, तुम्ही दर वेळी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढता, तर चौदावं वचन पुरं वाचा. कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, असं आहे त्यात. म्हणजे तुम्हाला. तिसरीतल्या पोराला बोलवा असं कुठे लिहिलंय ते दाखवा, मी हे उत्तर काढून टाकते.