हलवता येईल अशा हिरव्या आडोशासाठी खोल कुंड्या सांगलीत कुठे मिळतील?

तयार खोल कुंड्या शोधू नका, 200 लिटरचे प्लास्टिकचे ड्रम घ्या. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीच्या आसपास जुने ड्रम विकणाऱ्यांकडे चौकशी करा. आत काय होतं ते आधी विचारा. खाण्याच्या मालाचेच घ्या, कीटकनाशकाचे अजिबात नकोत.

ड्रम मधोमध आडवा कापला की साधारण दीड फूट खोल, दोन फूट रुंद असे दोन टब मिळतात. म्हणजे आठ फुटांच्या आडोशाला दोन ड्रम पुरतात. कापलेली कड मातीच्या दाबाने फाकते, तिला लोखंडी पट्टीचं कडं बोल्टने बसवा. तळाला 12 मिमीची सात-आठ भोकं पाडून वर शेडनेटचा तुकडा टाका. खडीचा थर नको, त्याने निचरा सुधारत नाही, फक्त मुळांची जागा जाते.

इथली काळी माती भरू नका. ती ओली असताना चिकटते आणि सुकली की कडेने भेग पडून पाणी सरळ खाली निघून जातं. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या.

ओला टब शंभर किलोच्या वर जातो. फरशी सपाट नसेल तर भार तीनच चाकांवर येतो, म्हणून टबाखाली लोखंडी अँगलची चौकट ठेवून तिला प्रत्येकी 75 किलो पेलणारी चार चाकं लावा, दोन ब्रेकवाली.

झाड मधुकामिनीच घ्या. उन्हाळ्यात ड्रमला बाहेरून पांढरा रंग द्या, नाहीतर कडेची मुळं भाजतात.