सिझेरियननंतर दूध पुरत नाही असे वाटते तेव्हा

ताई, सिझेरियन होऊन चार दिवस झाले, बाळ सारखे रडते, घरातील वडीलधाऱ्या बायका पाणी घातलेले म्हशीचे दूध सुचवतात, तर कोणी पावडरचा डबा आणायला सांगते. यांतले काय करावे, असे आपण विचारले आहे. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, ओली दुपटी आणि वजन यांवरून ठरवा.

सिझेरियननंतर दूध उतरायला थोडा उशीर लागू शकतो. तोवर येणारा चीक थोडा दिसला तरी त्याचे मोल मोठे आहे, आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभरच मावते. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान ६ वेळा फिकट शू होत असेल, तर दूध पोटात जात आहे. सुरुवातीला वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत घटते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते.

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा बाळाला अंगावर घ्या. जितके ओढले जाईल तितके दूध तयार होते, म्हणून रात्रीचे पाजणे चुकवू नका. टाके दुखत असल्यास कुशीवर झोपून पाजा. केवळ बोंडी नव्हे, तर भोवतीचा काळसर भागही बाळाच्या तोंडात जायला हवा.

म्हशीचे दूध मात्र नकोच. कोल्हापुरातील गंगावेशीच्या धारोष्ण दुधाचे आपल्याला कितीही कौतुक असले, तरी त्यातील प्रथिने आणि क्षार तान्ह्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत, आणि पाणी घातल्याने ते आईच्या दुधासारखे होत नाही. मध आणि गुटीही देऊ नका.

डॉक्टरांनी वजन पाहून डब्याचे दूध सांगितले, तर ते निःशंकपणे द्या; त्यात आईचे काहीही उणे नाही. फक्त तो सल्ला डॉक्टरांचा असावा, दुकानदाराचा नव्हे. या दुधाच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती याच काळजीपोटी. आधी अंगावर पाजून मग वाटी-चमच्याने द्या. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरा, डब्यावरचे माप काटेकोर पाळा, बाळाला देण्याआधी दूध कोमट होऊ द्या आणि उरलेले टाकून द्या.

बाळ पाजण्यासाठीही जागे होत नसेल, शू गडद किंवा कमी होत असेल, अथवा पिवळेपणा वाढत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या.