पेनिक गुरुजींची लाल वही

प्रश्न: माझा मुलगा बावीसचा आहे, गोल्फ खेळतो, पण प्रो म्हणून जमणार नाही असं त्यालाच वाटायला लागलंय आणि आता कोच व्हायचं म्हणतो. घरात सगळे म्हणतात खेळात ज्यांचं काही होत नाही ते कोच होतात. तो सारखं कुणा हार्वी पेनिकचं उदाहरण देतो. कोण हे? – एक आई, पुणे

उत्तर: ताई, उदाहरण चांगलं निवडलंय पोराने. पेनिक १९०४ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला जन्मले, आठव्या वर्षी तिथल्याच ऑस्टिन कंट्री क्लबवर कॅडी म्हणून लागले, म्हणजे लोकांच्या बॅगा उचलायचं काम, आणि १९२३ मध्ये, विशीच्या आतच, त्याच क्लबचे हेड प्रो, म्हणजे सभासदांना खेळ शिकवणारे मुख्य व्यावसायिक, झाले. स्पर्धा खेळायचं त्यांच्याही डोक्यात होतंच की! पण ह्यूस्टनला एकदा पुढे गोल्फमधला दिग्गज ठरलेल्या तरुण सॅम स्नीडला चेंडू मारताना बघितलं, नुसता त्या फटक्याचा आवाज ऐकला, आणि तिथेच ठरवलं की आपण शिकवलेलं बरं. आता याला हरणं म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा, मला तर ही भलतीच प्रामाणिक अक्कल वाटते.

१९३१ ते १९६३ क्लबची नोकरी सांभाळून ते टेक्सास युनिव्हर्सिटीच्या टीमचे कोच होते. आसपासच्या राज्यांतल्या कॉलेजांच्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये त्यांच्या पोरांनी धडाधड विजेतेपदं आणली, पण राष्ट्रीय टीम अजिंक्यपद त्यांच्या काळात एकदाही नाही. ते पहिल्यांदा आलं १९७१ मध्ये, दुसऱ्या कोचच्या हाताखाली, आणि त्या काळात टेक्सासकडून खेळणारे बेन क्रेनशॉ आणि टॉम काइट दोघंही लहानपणापासून क्लबवर पेनिककडेच शिकलेले! म्हणजे रेकॉर्डबुकात नाव दुसऱ्याचं, पण पाया यांचा. कोचिंगमध्ये हे असंच चालतं, मुलाला आत्ताच सांगून ठेवा.

शिकवायची पद्धत मात्र बघण्यासारखी. बेनचा धडा चालू असेल तर टॉमला बघू द्यायचे नाहीत, आणि उलटही तसंच, कारण दोघांचा स्विंग, म्हणजे काठी फिरवायची ढब, वेगळा, स्वभाव वेगळा, एकाचं औषध दुसऱ्याला कशाला. जे सुचेल ते एका लाल वहीत लिहून ठेवायचे, वही कुलूप लावून ठेवायची, कुणाला दाखवायची नाही, पुढे मुलगा टिन्सली क्लबचा प्रो होईल त्याच्यासाठी म्हणून. (झालाही तो.) शेवटी म्हातारपणी एका लेखकाच्या मदतीने त्याचं पुस्तक निघालं, १९९२ मध्ये. प्रकाशकाने ९०,००० डॉलर ठरवले तर पेनिकना वाटलं हे पैसे आपण द्यायचेत, रात्रभर झोप नाही, दुसऱ्या दिवशी लेखकाला म्हणतात आजारपणाचा एवढा खर्च झालाय, इतके कुठून आणू! पुढे ते पुस्तक दहा लाखांच्या वर खपलं.

प्रश्न: पेनिक वारल्यावर आठवड्यातच त्यांचा शिष्य मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकला म्हणतात, खरं की रंगवलेलं? – एक वाचक, मुंबई

उत्तर: शंभर टक्के खरं. शेवटच्या दिवसांत अंथरुणावर असतानाही त्यांनी बेनला पटिंगचा, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायच्या फटक्याचा, धडा दिला होता. २ एप्रिल १९९५ ला गेले. मास्टर्स सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बेन आणि टॉम दोघंही स्पर्धेच्या गावाहून, ऑगस्टाहून, ऑस्टिनला विमानाने जाऊन खांदा देऊन परत आले. आणि ९ तारखेला त्रेचाळीस वर्षांचा बेन जिंकला, शेवटचा पट गेला तसा तोंड झाकून वाकला आणि तिथेच रडला. एका स्ट्रोकने, म्हणजे एका फटक्याच्या फरकाने, दुसरा आला डेव्हिस लव्ह. त्याचे वडील टेक्सासला पेनिकच्याच कॉलेज टीममध्ये होते.