बेसबॉल अंपायरिंग: नियमांतले फरक कोणत्या पुस्तकातून शिकावेत?
नाशिकमध्ये नुकतंच अंपायरिंग सुरू केलंय म्हणता, तर आधी मेजर लीगचं (अमेरिकेतली व्यावसायिक बेसबॉल लीग) ‘ऑफिशियल बेसबॉल रूल्स’ पक्कं करा. पीडीएफ फुकट मिळते. मग कार्ल चिल्ड्रेस यांचं ‘बेसबॉल रूल डिफरन्सेस’ शोधा. अमेरिकेतल्या शालेय, कॉलेज आणि व्यावसायिक नियमांची तुलना त्यात आहे. बॉकच (बेसवर रनर असताना पिचरने केलेली बेकायदा हालचाल) घ्या: तिथल्या शालेय नियमात बॉक होताच चेंडू मृत, म्हणजे खेळ तिथेच थांबतो. व्यावसायिक नियमात बॉक होऊनही पिचरने चेंडू टाकला, तर बॅटरसह सगळे रनर किमान एक बेस पुढे जाईपर्यंत थांबून बघायचं. गेले, तर बॉक सोडून द्यायचा. घाईने ‘टाइम’ ओरडलात की बॅटरचा हक्काचा हिट गेला! सॉफ्टबॉलमधून आला असाल तर यावर जास्त वेळ द्या. आणि स्पर्धेला कोणते नियम लागू, हे आयोजकांना आदल्या दिवशीच विचारा.